मागच्या दाराची किल्ली

४ मे, सोमवार
कुलसचिवांचं पत्र आलं. प्रत्येक विभागाने आपत्कालीन आराखडा करायचा, मग मॉक ड्रिल. ज्याचा विभाग सगळ्यात लवकर रिकामा होईल, तो विद्यापीठाचा आपत्ती समन्वयक. स्वतंत्र केबिन, एसीसकट. आपल्या कूलरमधून सध्या गरम हवा आणि मच्छर येतात. केबिन माझीच समजायची. पदवी प्रमाणपत्र विभागाइतकी शिस्त दुसरीकडे आहे कुठे?
संकल्प : रोज पहाटे पाचला उठून आराखडा लिहिणे.

५ मे
सव्वाआठला उठलो. आराखडा ऑफिसातच लिहिलेला बरा.
कमांडर : मी. पर्यायी कमांडर : गरज नाही. ‘मदत लागणाऱ्या व्यक्ती’ या रकान्यात काय लिहू, असं अधीक्षक शोभाताईंना विचारलं. म्हणाल्या, माह्या गुडघ्याचं नाव टाका. मी ‘निरंक’ लिहिलं.

७ मे, सकाळी ११
विभागात टाचणी पडली तरी ऐकू येईल. रोज अकराला आणि चारला अशीच शांतता असते. दोन वर्षांपूर्वी मागचं दार कुलूपबंद केलं, त्याचं हे फळ. पूर्वी सगळे त्या दाराने नत्थूजींच्या चहाटपरीवर पळायचे. आता समोरच्या दाराशी माझं टेबल. एक माणूस बाहेर जात नाही. आत्ता दोघातिघांना हाका मारल्या, कोणी ओ दिली नाही. कामात गढले असतील. डिस्टर्ब केलं नाही.

८ मे
कनिष्ठ लिपिक जितेंद्रने विचारलं, आग लागली त मागच्या दारानं जा लागन ना सर, कुलूप काहून ठेवून राहिले? त्याला समजावलं की किल्ली कमांडरकडे असते. स्कूटरच्या डिक्कीत आहे, कोणाच्या हाती लागणार नाही.
रेकॉर्ड रूम पाहिली. खिडकीचं ग्रिल कूलर बसवायला कापलं होतं, कूलर अजून टेंडरमध्येच. खिडकीखाली स्टूल, स्टुलावर चपलांचे ठसे. काच पुसायला चढत असावेत. काच नाही, पण भावना चांगली आहे.

११ मे
कमांडर चपळ हवा. रात्रीचं जेवण बंद. उद्यापासून. आज मेहुण्याकडे सावजी मटण होतं, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

१३ मे
परवा ड्रिल. शिट्टी घेतली. घरी बायकोला, चारुशीलाला, वाजवून दाखवली. तिने कुकर बंद केला.

१४ मे, गुरुवार
आज खरंच धूर झाला. दुपारी चारला समोरच्या दाराजवळचा कूलर जळाला आणि तो रस्ता बंद. मी शिट्टी फुंकून मागे वळलो, तर हॉल रिकामा. बेशुद्ध पडले असतील म्हणून टेबलांखाली वाकून पाहिलं. मागच्या दाराकडे पळालो. कुलूप. किल्ली डिक्कीत, डिक्की धुरापलीकडे. घाबरलो. फारच घाबरलो.
तेवढ्यात रेकॉर्ड रूमच्या बाजूने हाक आली, साहेब, इकडून या ना! स्टुलावर चढलो. अर्धा बाहेर गेलो, अर्धा आत राहिलो. जितेंद्र आणि नत्थूजींनी ओढून काढलं. अख्खा विभाग टपरीवर. शोभाताई गुडघ्यासकट बाकावर, हातात कप. नत्थूजी म्हणाले, पह्यल्यांदाच येऊन राहिले ना साहेब? इथून आधी पाय काढा लागते.

१५ मे
आमची ड्रिल रद्द, कालचीच धरली. आम्ही पहिले. अग्निशमनचे अधिकारी म्हणाले, इतका सराव कुठेच पाहिला नाही. शोभाताईंनी सांगितलं, रोज दोन खेपा होतात. मी मान डोलावली. श्रेय शेवटी विभागप्रमुखाचंच असतं. केबिनसाठी पडदे पाहिले. आकाशी.

१८ मे, सोमवार
आदेश निघाला. समन्वयक : जितेंद्र, ‘विभागप्रमुखांना सुखरूप बाहेर काढल्याबद्दल’. एसी त्याला.
त्याच्या सहीचा सुधारित आराखडाही आला. आपत्कालीन मार्ग : रेकॉर्ड रूमची खिडकी. सराव : रोज अकरा आणि चार, सर्वांना सक्तीचा. मदत लागणाऱ्या व्यक्ती : ‘निरंक’ खोडून माझं नाव. ओढायला दोन माणसं नेमली आहेत.
अकराच्या सरावाला गेलो. या वेळी पाय आधी काढले. तरी अडकलो.
चहा खिडकीतच आणून दिला.