किन्हीराजाला ओळखी वाढवायला गेलो त्याची हकीकत

अनसिंग,
रामनवमी उलटल्यावर

तीर्थस्वरूप नानाजीमामांच्या पायांशी,

भाचा पुंजाजी याचा दंडवत. इकडे सर्व ठीक, म्हणजे सनई ठीक, डफडं ठीक, फक्त वाजवायला बोलावणारं कोणी नाही. मामीचे गुडघे आता कसे आहेत? (हे खरोखर विचारतो आहे. मुद्दाम लिहावं लागतं, कारण हल्ली खुशाली विचारण्यावरचा माझा विश्वास उडाला आहे.)

तुमचं मागचं पत्र पोचलं. ‘नुसती सनई फुंकून लग्नं मिळत नाहीत, चार माणसांत बस, पाऊसपाणी विचार, ओळखी वाढव’ हा उपदेश वाचला आणि मानलाही. दुसरा उपाय नव्हता. वाशीमचा दौलतसिंग भोंगा आणि तबकड्या घेऊन गावोगाव फिरायला लागल्यापासून आम्हाला यंदा एकाही लग्नाची सुपारी आलेली नाही, आणि माझे डफडेवाले आता वीटभट्टीवर जातो म्हणतात. म्हणून किन्हीराजाला रामरावांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता तिथं (आपल्यातलेच, लांबून नात्यात बसतात) धुतलेला फेटा बांधून, सगळ्यांच्या आधी ओसरीवर जाऊन बसलो.

पहिल्या गृहस्थांना ‘पाऊस काय म्हणतो?’ असं विचारलं. चैत्राचं ऊन होतं. त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पानाचं तबक उचलून पलीकडे जाऊन बसले. (त्या पानाची मला आशा होती.) दुसऱ्यांना म्हशीबद्दल विचारलं. म्हैस आदल्याच दिवशी मेली होती. मग त्यांनी तिची सगळी हयात सांगितली, रडले, माझ्याच उपरण्याला डोळे पुसले, आणि अनोळखी म्हशीच्या दुःखात चेहरा कसा ठेवायचा हे मला कळेना. तुमच्या पत्रात याबद्दल काही नव्हतं.

तेवढ्यात दौलतसिंग आला. एकाला त्यानं ‘बुढे कसे आहेत?’ विचारलं, बुढे म्हणजे त्या माणसाचे वडील शेजारीच सुपारी कातरत बसले होते. ते ‘बरा आहो’ म्हणेपर्यंत हा तिसऱ्याच्या कापसापर्यंत पोचला होता. इतक्या प्रश्नांत त्याला एकाही उत्तराची गरज पडली नाही. भोंग्यात आणि त्याच्यात फरक एवढाच, की भोंग्याची बॅटरी उतरते. आणि लोक त्याच्यावर खूश. माणसाला आपली चौकशी झालेली हवी असते, उत्तर कोणी ऐकलं नाही तरी चालतं. असल्या बाजारात तुमच्या भाच्यानं काय विकावं?

मी उठलो आणि घरामागे निंबाखाली जाऊन बसलो. तिथं मोठ्या चुलीवर स्वयंपाक चालला होता आणि त्याच्या मागे रामरावांची बहीण मनकर्णाबाई होती (नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, भावाकडेच असते). तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, “काहून जी, इथं कायले बसले? बाजावाले ना तुमी? घ्या, बसल्या बसल्या लसून सोला.” लसणानं भरलेलं सूप पुढ्यात आलं. त्यानंतर तिनं विहिरीचं पाणी कसं आटलं ते सांगितलं, भावजय मिरची कशी कमी घालते ते सांगितलं, स्वतःच्या लग्नात घोडा कसा बिथरला तेही सांगितलं. मला तोंड उघडावं लागलं नाही. मी लसूण सोलत होतो, इतकंच.

जेवणं झाल्यावर रामराव दौलतसिंगाच्या हातावर सुपारी ठेवणार, तोच ती दारात येऊन म्हणाली, “दादा, भोंगा नको. त्याच्यापुढं कोनाचं कोनाले आयकू येत नाही. बाजा या मानसाचाच लाव.” रामराव बहिणीपुढे फारसे बोलत नसावेत. सुपारी माझ्या हातात आली. दौलतसिंगानं तेव्हाही माझी तब्येत विचारलीच, आणि उत्तर न ऐकता गेला.

तेव्हा मामा, लग्न मिळालं ते ओळखीनं नव्हे, लसणानं. गप्पा मारणं हे ज्यांना दुसरं काहीच वाजवता येत नाही त्यांचं काम, असं माझं मत आता पक्कं झालं आहे. यापुढे या विषयावर उपदेश पाठवू नये. लहानांना आशीर्वाद.

आपला आज्ञेतला (हा विषय सोडून),
पुंजाजी

ता. क. लग्नाला तुम्ही आधीच यावं. रामराव जेवण झाल्यावर ओसरीवर निवांत बसतात. तेव्हा त्यांच्याजवळ बसून, पाऊसपाणी विचारून, हळूच मनकर्णाबाईचा आणि माझा पाट लावण्याचं बोलावं. असलं तुम्हालाच जमतं. मी मध्ये एकदा त्यासाठीच गेलो होतो. डफड्याचं कातडं दाखवायला आलो असं सांगून परत आलो.

ता. क. दुसरा. ती फार बोलते, असं मामी म्हणेल. बोलू दे. एक गोष्ट वर लिहायची राहिली. लसूण संपत आला तेव्हा तिनं विचारलं होतं, “घरी एकटेच राह्यता काय?” आणि विचारून ती थांबली. चुलीवरचं वरण उतू जायला लागलं तरी थांबली. मी सोललेलाच लसूण पुन्हा सोलत बसलो. तेवढं उत्तर, मामा, तुम्ही येताना घेऊन या.