लतामावशींच्या दोन नळ्या

गुरुवार, संध्याकाळ. मुलुंड.

आज लतामावशींचं रक्त पुन्हा घेतलं. या वेळी रुग्णांच्या गटासाठी.

आमच्या लॅबमध्ये लादी पुसणाऱ्या याच मावशी दोन वर्षांपूर्वी निरोगी बायकांच्या गटात होत्या. काही त्रास नाही म्हणाल्या, म्हणून. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जनुकीय खूण रक्तात सापडते का, ते शोधतोय आम्ही. दवाखान्यातली आतून करायची तपासणी त्यांना नकोच होती; लाज वाटते म्हणाल्या. "ताई, रक्त दिलं, म्हणजे माझी तपासणी झाली ना?" मी घाईत मान हलवली. का हलवली? नळीवर नंबर टाकायचा होता म्हणून?

आज हातावर कापूस दाबत म्हणाल्या, "तेव्हा तर सगळं चांगलं होतं ना गं ताई?" ती नळी अजून फ्रीजरमध्येच आहे, कुणी उघडलेलीसुद्धा नाही.

आमच्या लॅबचे सर मात्र खूश. एकाच बाईचं आजार कळण्याआधीचं आणि नंतरचं रक्त सहसा मिळत नाही म्हणे. डोकंच फिरलं माझं. उद्या ती पहिली नळी काढायची.

"ह्या वेळी तरी नीट बघा हां," जाताना मावशी म्हणाल्या. आणि मी परत मान हलवली.