सहाणेवर उगाळलेली गोळी

कवठे येमाई, ता. शिरूर
शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव भारत,

आईचा आशीर्वाद हाय आन् रागबी हाय, दोन्ही एकाच पाकिटात घालते. दौंडात समदी खुशाल असाल. हिकडं शेवंती तोडणीला आलीय, म्हस आटली. अक्षर वाकडं दिसंल, तिसरी शिकलेल्या बाईचं हाय. दर वक्ताला संपतची तेजू लिहून देती, आज तिला सांगितलं न्हाई. फोनच करणार हुते, पर तू आवाज चढवलास की माझं बोलणं घशातच ऱ्हातं. कागद मधी बोलत न्हाई.

आधी ग्वाड सांगते. वसुबारसेला तुझ्या लेकीनं, माझ्या ज्ञानीनं झेंडूची माळ ओवली. एकशेआठ फुलं, आन् एकदाबी उठली न्हाई! गेल्या साली तिसऱ्या फुलाला कोंबडीमागं पळाली हुती, सुई तशीच उंबऱ्यात, ती माझ्या टाचंत गेली. औंदा माळ संपवून इचारती, "आज्जी, अजून दोरा हाय का?" मी तिची दृष्टच काढली. किती सुख झालं म्हणून सांगू.

म्हणून तर तुला इचारलं, पोरीत एवढा फरक कशानं पडला? तू काय म्हणालास, आठव. ओट्यावर शेजारचे हौसराव बसलेले. त्यांच्यादेखत मिशीवरनं हात फिरवून म्हणालास, "काय न्हाई आई, हुशारीची गोळी हाय. ताकदीची. रोज सकाळी एक."

हुशारीची गोळी! पुण्याच्या डॉक्टरनं पोरीला तपासून, तिचं ध्यान एका जागी ठरत न्हाई हा आजार हाय असं सांगून, वजन करून दिलेलं औषध, आन् मला सांगतोस ताकदीची? का, तर लोक पोरीला येडी म्हणतील. अरं, मी लोक हाय का? ज्ञानीला आठ दिस माझ्यापाशी सोडलंस, गोळ्याची पट्टी माझ्या हातात दिलीस, आन् खरं तेवढं दौंडला घिऊन गेलास.

भाऊबिजेला तेजू पळायच्या सरावात पडली. छाती कशी धडधडत हुती, कपड्यावरनं माझ्या हाताला कळत हुतं. संपतनं गाडीत घालून शिरूरला नेली. डॉक्टरीणबाई इचारत्यात, "हिनं काय घेतलंय?" पोरगी मुकी. तू आलास, पट्टी बघितलीस, पाच गोळ्या कमी. आन् समद्या दवाखान्यादेखत, "पोलीस व्हायचं म्हणं! आधी घरातच चोरी!"

तेजूनं एकदाच माझ्याकडं बघितलं. मी पाणी आणायला गेले. तहान कुणालाच लागली नव्हती.

चोरी झालीच न्हाई, भारत. गोळी मी दिली.

तू आन् संपत लहान हुता, तवा एक पेरू असला तरी विळीवर दोन फोडी केल्या. एका नातीला हुशारी आन् दुसरीला न्हाई, हे माझ्या हातनं व्हायचं न्हाई. तेजूची भरतीची परीक्षा तोंडावर आलेली, पुस्तकावर डुलक्या घ्यायची. ज्ञानीला पाण्यासंगं द्यायची आन् तेजूला सहाणेवर उगाळून, मधात. तान्ह्या लेकराला गुटी देतात तशी. म्हणलं, उगाळली की गुण लवकर. तेजू म्हणालीबी, "आज्जी, काकांना इचार की." मी म्हणले, "काकाला मीच बोलायला शिकवलं. आ कर." असं पाच सकाळी.

तेजूला घरी सोडलं त्या दिशी मी एकटी डॉक्टरीणबाईकडं माघारी गेले आन् समदं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजी, ती ताकदीची नाही, लक्ष ठरत नाही त्या आजाराची गोळी. ती दिवसभर हळूहळू विरघळायची असते. उगाळली की दिवसाचं औषध घटकेत अंगात जातं. त्यात तेजूच्या काळजात लहानपणापासून दोष, तो कुणी तपासलाच नाही. ज्याच्या नावाची चिठ्ठी, त्याच्याच पोटात गोळी." लई वरडल्या. मला बरं वाटलं. कुणीतरी वरडायलाच पायजे हुतं.

आन् आता ऐकते, ज्ञानीच्या गोळ्या तू बंबात टाकल्यास. कुणाला इचारून? त्या पोरीच्या औषधानं कुणाचं वाकडं केलं? वाकडं केलं ते तू गोळीला ठिवलेल्या खोट्या नावानं आन् माझ्या सहाणेनं. तिची भूक कमी झालीय, झोप कमी झालीय, तर ते डॉक्टरला सांग. आपल्या मनानं चालू न्हाई आन् बंदबी न्हाई. कागद पोचंल त्याच दिशी तिला घिऊन जा. नवी पट्टी कुलपात ठिव, माझ्या हातातबी देऊ नको.

तेजूनं आजून माझं नाव कुणाला सांगितलं न्हाई. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकलीत. म्हणती, "चोराला कोण पोलीस करतंय, आज्जी?" ताटात अर्धी भाकरी तशीच ऱ्हाती आन् तिच्यासमोर बसून माझीबी.

पुढल्या ऐतवारी ये. हौसराव असतील त्याच येळंला ये. त्याच ओट्यावर मी सांगणार, गोळी कुणी दिली. तू सांग, ती कशाची हाय. मग तेजूसमोर तो चोरीचा शब्द माघारी घे. न्हाई आलास तरी माझं मी सांगणार हाय, मग तुझंबी मलाच सांगावं लागंल.

वर आशीर्वाद लिवला, पर खाली आशीर्वाद देणारी म्हणून सही करवंना.

गोळी देणारी,
तुझी आई
दगडाबाई