एक दार सोडून सगळी दारं

२६ एप्रिल २०१५, रविवार
निश्चय. मतदानापूर्वी गावातलं प्रत्येक दार ठोठावायचं. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क द्यायचा का, एवढाच तर प्रश्न. सुशिक्षित माणूस नीट बोलला तर आयर्लंडमधलं आमचं जुन्या वळणाचं रॉसकॉमनसुद्धा 'होय' म्हणेल. टिअर्नन म्हणाला, गावाच्या लेखी मी इतकी वर्षं तुझा भाडेकरू आहे. जिंकलो तर लग्न करू, पण आधी आईला सांग आणि तिचं मत माग. कबूल केलं. आईकडे जेवायला गेलो. आत जाताना कोटावरचा 'होय'चा बिल्ला काढला. जेवताना राजकारण नको.

३० एप्रिल, संध्याकाळ
मेंढ्यावाला पॅकी बर्न. कुणाचा रे तू, म्हणाला. आईचं नाव सांगितलं. अरे, ब्रीजचा पोरगा, बाहेर काय उभा राहतोस. चहा, केक. मताचं विचारलं तर म्हणाला, फार मोठं काम करताय हो तुम्ही, देव भलं करो. मी भूगोल शिकवतो, तेव्हा नकाशा केलाय. त्यावर पॅकीचं घर हिरवं, म्हणजे 'होय', रंगवलं. केक ही लाच होते का? खाल्ला मी, मत द्यायचंय त्याने. नसावी. टिअर्ननचं म्हणणं, इथे तोंडावर नकार द्यायची लाज वाटते, म्हणून केक जितका मोठा तितका नकार पक्का. तो दूर दक्षिणेकडच्या कॉर्कचा. त्याला इथली माणसं काय कळणार.

१० मे, रविवार
फादरांनी प्रवचनात 'नाही'चा प्रचार केला. मी उठलो आणि मधल्या वाटेने, मान ताठ ठेवून बाहेर पडलो. नंतर आईने विचारलं, पोट बिघडलं का? हो म्हणालो. चर्चच्या दारात एवढा विषय काढणं तिच्यावर अन्याय झाला असता.

१४ मे
पोस्टर्स फाडली कुणीतरी. शिडी आणून दुप्पट उंचीवर लावली. फाडा, पुन्हा लावीन. खालून हॅनलीबाई म्हणाल्या, मास्तर, पडलात तर 'नाही'वालेच उचलतील हं तुम्हाला. म्हटलं, उचलू देत, त्यांनाही बिल्ला लावीन.

१७ मे, रविवार
आईकडे. नेहमीप्रमाणे मागच्या दाराने. पुढची पायरी धुतलेली, पितळी कडी लख्ख. ते दार फक्त फादर, डॉक्टर आणि मत मागायला येणाऱ्यांसाठी. बहुधा फादर यायचे असतील. अशा वातावरणात काय बोलणार? शिवाय मुलाने आईवर दबाव आणणं लोकशाहीत बसतं का? जेवण होईपर्यंत विचार केला. बसत नाही. घरी येऊन तिचं घर हिरवं रंगवलं.

२२ मे, मतदान
मत दिलं. अभिमानाने. टिअर्ननने विचारलं, आईकडे मागितलंस? म्हटलं, रक्ताच्या नात्यात मागायचं काय. तो भांडी घासायला गेला.

२३ मे, निकाल
देश जिंकला, दणदणीत. फक्त आमचा मतदारसंघ हरला, तोही थोडक्यात. माझी पोस्टर्स उतरवणार नाही. (कायद्याने आठवड्याची मुदत आहे. तोवर नाही.)

टिअर्ननला घेऊन तडक आईकडे गेलो आणि सांगून टाकलं. ती म्हणाली, इतकी वर्षं एका खोलीचं भाडं भरत कोण राहतं रे? मला काय कळत नाही? ऊर भरून आला. म्हटलं, म्हणजे तू 'होय'च दिलंस. म्हणाली, दिलंच नाही. 'नाही'वाले दोनदा आले, त्यांना वाटेला लावलं. तुमचं कुणी येईल म्हणून चांगला कोट घालून पुढच्या खोलीत बसत होते. काल मतदान बंद होईपर्यंत बसले. साऱ्या गावाकडे मागितलंस, माझ्याकडे नाही. न मागता मी कुणालाच मत दिलेलं नाही. तुझे वडील कौन्सिलला उभे होते, तेव्हा तेसुद्धा बाहेरून फिरून पुढच्या दाराशी आले, टोपी काढली आणि मागितलं. मग दिलं.

तिने टिअर्ननकडे वळून विचारलं, लग्नाचं आमंत्रण द्यायला तरी हा पुढच्या दाराने येणार आहे का?

टिअर्नन म्हणाला, मी येईन.