रिव्हर्स न पडणारी जीप

३ ऑक्टोबर
दणकट लॅपटॉप आला! पाण्यात, धुळीत, आपटला तरी चालतो. हिने विचारलं, मोबाईलमध्ये नकाशा असतो ना? डोंगरात रेंज नसते, हे हिला कोण समजावणार. पुढच्या रविवारी सासूबाईंना पठारावरचा सूर्यास्त दाखवायचाय. मेव्हण्याला कळवून टाकलं : माझी जीप पुढे, तुझी मागे.

५ ऑक्टोबर
जीपमध्ये लॅपटॉपचा स्टँड स्वतःच बसवणार. वेल्डरकडे जीप देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ
ड्रिल जरा खोल गेलं. हॉर्न बंद. डोंगरात हॉर्न वाजवायचा कुणासाठी?

७ ऑक्टोबर
स्टँड पक्का. हिचे गुडघे त्यात अडकतात, तेव्हा ती मागे बसेल. काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

८ ऑक्टोबर
किरकोळ बाब. रिव्हर्स टाकताना गिअरचा दांडा स्टँडला अडतो. बोल्ट काढायला गेलो, तर त्याचं डोकंच गुळगुळीत झालं. मेव्हणा म्हणाला, भाऊजी, मग मागे कसे याल? म्हटलं, रस्ता चुकतो त्यालाच मागे यावं लागतं. वाक्य झकास जमलं.

१० ऑक्टोबर, रविवार, दुपार
उन्हात स्क्रीनवर फक्त माझंच तोंड दिसत होतं. डोक्यावर टॉवेल घेऊन बघितलं. फाट्यावर दोन्ही गाड्या थांबल्या. ही म्हणाली, उजवीकडे. लॅपटॉप म्हणाला, डावीकडे. मी डावीकडे घेतली. मेव्हण्याने बहिणीचं ऐकलं, सासूबाईंना घेऊन उजवीकडे गेला.
डावीकडे बंद पडलेली खाण. नकाशात रस्ता पुढे जातो, जमिनीवर जात नाही. समोर कडा, वळायला जागा नाही. हाक मारायला हॉर्न नाही. ही उतरून भावाला शोधायला गेलीय. मी जीपमध्येच थांबलोय. कुणीतरी थांबायला हवं.

रविवार, संध्याकाळ
सगळ्यांनी मिळून जीप मागे ढकलली. सासूबाईंनीही हात लावला. मी स्टिअरिंगवर. मागचं चाक चरात गेलं, खालून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. लॅपटॉपला ओरखडाही नाही, हे मी मोठ्याने सांगितलं. कुणी वळून पाहिलं नाही. सूर्य खाणीतच मावळला. सासूबाई म्हणाल्या, असू दे, इथूनही छान दिसला.

रविवार, रात्री
जीप तिथेच सोडली. आता मेव्हण्याच्या गाडीत मागे, सासूबाई आणि डब्यांच्या मध्ये. ही पुढे बसून भावाला रस्ता सांगतेय. मघाशी एका फाट्यावर मेव्हण्याने, बहुधा माझं मन राखायला, मला विचारलं, भाऊजी, डावीकडे की उजवीकडे?
मी तोंड उघडलं.
ही म्हणाली, सरळ.
सरळच होतं.