शेवग्याला टांगलेलं इंजिन

३ जानेवारी १९६६, सोमवार. आमली, सिल्वासा.
रिटायर होऊन तिसरा दिवस. आज गाडी आली. किलवणीच्या एका लाकूड व्यापाऱ्याच्या गोठ्यात बारा वर्षं पडून होती. कुणी पोर्तुगीज अंमलदार चोपन्न साली पळताना टाकून गेला. विलायती, दोन सीटची, स्पोर्ट्स. मूळ रंग लाल असावा. सीटवर कोंबड्यांनी संसार केलेला. बैलांनी ओढून आणली तेव्हा लोक हसले. हसोत. ओव्हरसिअर म्हणून जन्मभर रस्ते बांधले ते याच लोकांसाठी.
निश्चय: पाडव्याला गाडी चालू. मग आठ दिवसांत मी आणि कुसुम तीत बसून गुहागरला, कायमचे. कुसुमच्या भावाने, नारायणने, आमच्यासाठी दोन खोल्या काढून ठेवल्यात. याच नारायणने आमच्या लग्नात विचारलं होतं, नवरदेवाकडे सायकल तरी आहे का. त्याच्या अंगणात हॉर्न वाजवायचा आहे.
कुसुमने पाच ट्रंका भरल्या. दोन सीटच्या गाडीत त्या कुठे ठेवणार, म्हणाली. बायकांना आधी सामान दिसतं.

९ जानेवारी
शेजारचे सावे मास्तर कुंपणापाशी येऊन उभे. जयवंत सावे, डहाणूकडचे. इथल्या शाळेत अकरा वर्षं मराठी शिकवलं, आता डेलिया लावतात. मदत हवी का, म्हणून विचारलं. म्हणजे बघायचंय. नको म्हणालो.

२० जानेवारी
गाडी पूर्ण खोलली. इंजिन सहा मजुरांनी ओढून काढलं. बाकीचे भाग व्हरांड्यात वर्तमानपत्रावर, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. शास्त्रीय पद्धत. कुसुमला ताकीद: व्हरांडा झाडायचा नाही.

२२ जानेवारी
वारा. चिठ्ठ्या उडून मास्तरांच्या डेलियांत. त्यांनी सगळ्या गोळा करून, सरळ करून आणून दिल्या. दोन चिठ्ठ्यांवरचं शुद्धलेखन पेन्सिलीने सुधारलेलं. या माणसाशी संबंध ठेवायचे नाहीत.
कुठली चिठ्ठी कशावर होती ते मला तोंडपाठ आहे.

२३ जानेवारी
बरंचसं तोंडपाठ आहे.

१४ फेब्रुवारी
वापीहून दीनशा मेकॅनिक आला. मी बोलावला नव्हता, कुसुमने निरोप धाडला. म्हातारा पारशी. टोपी काढून व्हरांड्यातून दोनदा फिरला, कुणाच्या मयताला आल्यासारखा. "साहेब, ये किसने खोला?" म्हणाला. मी म्हटलं, मी. सगळं पोत्यांत भरून वापीला पाठवा, तीन आठवड्यांत करून देतो, म्हणाला. चहा पाजून वाटेला लावला. हे लोक पार्ट बदलतात.
जाताना मास्तरांशी कुंपणाजवळ बराच वेळ बोलत होता. दोघं हसले. हसण्याचं कारण विचारलं नाही. वेळ नाही.

२३ मार्च. पाडवा.
तारीख जरा पुढे. कामाचा दर्जा घाईत राखता येत नाही. नवीन निश्चय: अक्षय तृतीया, नक्की. कुसुमने गुढी उभारली आणि ट्रंकांकडे बघत बसली. सणासुदीला असं बसू नये, हे सांगितलं.

२४ एप्रिल
अक्षय तृतीया झाली. मागचा आस, चाकांना फिरवणारा दांडा, जागेवर बसला. एकट्याने बसवला. अवघड काम होतं, पण उलटसुलट करून अखेर चपखल बसला. दीनशाला तीन माणसं लागली असती.
कुसुमने ट्रंका उघडून पापड आणि कुळथाचं पीठ बाहेर काढलं. भुंगे झाले असते म्हणे.

११ जून, शनिवार. सकाळी.
आज इंजिन परत फ्रेममध्ये. उचलायला फांदी हवी. मास्तरांनी त्यांची चिंच देऊ केली. त्यांचे उपकार नकोत. आमच्याच अंगणात शेवगा आहे, मांडीएवढी फांदी. मास्तर म्हणाले, पेठे, शेवग्यावर कावळासुद्धा विचार करून बसतो. मी त्यांना कागदावर लोडचं गणित करून दाखवलं. पुलांचे लोड काढलेत मी. खाली उभं राहून इंजिन सरळ येतंय का तेवढं सांगा, म्हणालो.

दुपारी.
फांदी मोडली. इंजिनाला काही झालं नाही. मास्तरांच्या पायामुळे वाचलं.
पायाची दोन हाडं गेली. कुणाची तरी जीप मिळाली, वलसाडला नेलं. त्यांच्या पत्नी उषाताई बरोबर गेल्या, कुसुमही गेली.
दिशा सांगणाऱ्याने अंतर ठेवायचं असतं. आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला हे कोण सांगणार. शेवगा आतून किडलेला निघाला. गणित बरोबरच होतं, परत तपासलं.

२९ जून
मास्तर प्लास्टर घालून घरी. कुसुम सकाळ-संध्याकाळ तिकडे. आमच्याकडे आमटी एकदाच होते. मी भेटायला जावं असं तिला वाटतं, चेहऱ्यावर दिसतं. पण गेलो तर चूक माझी होती असा अर्थ निघेल. तत्त्वाचा प्रश्न आहे.
इंजिन शेवटी मजुरांकडून हातानेच आत ठेवून घेतलं. दहा मिनिटं लागली.

१७ ऑगस्ट
मास्तर ओट्यावर पाय स्टुलावर ठेवून बसतात. त्यांचं तोंड आमच्या अंगणाकडे. मुद्दाम. मी गाडीवर ताडपत्री टाकली आणि आत बसून काम केलं. अंधारात वायरिंग नीट दिसत नाही. तरी जोडलं.

१२ सप्टेंबर
नारायण आला. कुसुमला गणपतीला न्यायला म्हणून. व्हरांड्यात पाऊल टाकायला जागा शोधत होता. कारब्युरेटर हातात घेऊन, हा दिवा का, म्हणून विचारलं. सभ्य माणूस नाही.
पाचही ट्रंका बैलगाडीवर चढताना माझ्या लक्षात आलं. गणपतीला पाच ट्रंका कशाला, मी विचारलं. कुसुम उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "तुम्ही पाडव्याला म्हणालात, मी थांबले. तिजेला म्हणालात, थांबले. तिकडे त्या माणसाचा पाय मोडला, तुम्ही कुंपणापर्यंतही गेला नाहीत. आता मी तुमच्या गाडीसाठी थांबायची नाही."
आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.
तात्पुरता राग आहे. आता घरात शांतता. कामाला वेग येईल.

१५ सप्टेंबर
भात खाली लागला. काम नाही.

१९ सप्टेंबर
पलीकडून उषाताईंनी मोदक पाठवले. जेवण येतंय म्हणजे पाय बरा असणार. डबा घासून कुंपणावर ठेवला.

२३ ऑक्टोबर. दसरा.
आज चालू करणार, असं आमलीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सकाळी झेंडूचा हार, नारळ. कुणी आलं नाही. मास्तर आले. काठी टेकत, डाव्या पायाने लंगडत. मी बसा म्हणालो नाही, ते बसले नाहीत.
हँडल मारलं. एकविसाव्यांदा इंजिन लागलं. खरंच लागलं. आवाज थेट चर्चपर्यंत गेला असेल. माझ्या डोळ्यांत धूर गेला, पाणी आलं. फर्स्ट गिअर टाकला. क्लच सोडला.
गाडी मागे गेली. सेकंड टाकला, जास्त जोरात मागे गेली. कुंपण मोडून डेलियांच्या दोन वाफ्यांवरून मागे जाऊन चिंचेला टेकली.
पोर्तुगीजांनी काहीतरी करून ठेवलंय.

२४ ऑक्टोबर
चारही गिअर तपासले. चारही मागे नेतात. फक्त रिव्हर्स पुढे नेतो. मास्तर तुडवलेले कंद वेचत होते. खाली बघतच म्हणाले, दीनशाने फेब्रुवारीतच सांगितलं होतं, आस उलटा बसवायला फार सोपा असतो, पेठ्यांना सांगा. सांगितलं का नाहीत, मी विचारलं. "तुम्ही आमच्याशी बोलत नव्हतात," म्हणाले.
उत्तम. म्हणजे शेवटी चूक त्यांचीच.

३० ऑक्टोबर
मास्तरांचं कुंपण मी उभं केलं. सात बांबू. ते नको म्हणत होते. बांबू सरळ येतायत का ते मी त्यांना बघू दिलं नाही. लांब, ओट्यावर बसवलं.

१ नोव्हेंबर
कुसुमचं कार्ड. चार ओळी. नारायणदादा दिवाळीनंतर आपल्या खोल्या भाडेकरूला देणार आहे. यायचं असेल तर आधी या. यायचं नसेल तर तसं कळवा. मास्तरांचा पाय कसा आहे ते उषावहिनी कळवतातच.
तीनदा वाचलं. गाडीचं एका शब्दाने विचारलेलं नाही.

४ नोव्हेंबर
उद्या जातो. फक्त खोल्यांचं बांधकाम बघून यायला. पिशवीत चारच कपडे, म्हणजे लगेच परत.
गाडी वापीला दीनशाकडे पाठवायला मास्तरांना सांगितलं. पोत्यांत भरायची गरज नाही, एवढं त्याला मुद्दाम सांगा, म्हणालो.

५ नोव्हेंबर. बसमध्ये, वापीच्या वाटेवर. अक्षर हलतंय.
बस स्टँडपर्यंत तरी गाडीनेच जायचं, असं सकाळी ठरवलं. रिव्हर्स टाकून. एवढ्या महिन्यांचं काम, लोकांना दिसू दे. मास्तरांना शेजारच्या सीटवर घेतलं. पिशवी त्यांच्या मांडीवर.
गाडी पुढे निघाली. रिव्हर्सचा वेग म्हणजे बैल परवडला. पहिल्या वळणावर एक कुत्रं पुढे निघून गेलं. विहिरीपाशी बाया घागरी घेऊन आम्हाला ओलांडून गेल्या, त्यातल्या एकीने मास्तरांना पाय कसा आहे विचारलं. बरा आहे, म्हणाले. मी समोर बघत होतो. मीच चालवत होतो, मला बोलता येत नव्हतं. मग म्हणालो, दुखतो का अजून. थंडीत दुखतो, म्हणाले. माझं चुकलं, असं मी म्हणालो की नाही, नक्की आठवत नाही. इंजिनाचा आवाज फार होता. ते "असू दे" म्हणाले, ते मात्र ऐकू आलं.
बसचा हॉर्न वाजला. मास्तर म्हणाले, मी पुढे होऊन बस थांबवतो. चालत्या गाडीतून उतरले, काठी टेकत, लंगडत पुढे गेले आणि दिसेनासे झाले.
पोचलो तेव्हा बस थांबलेली. कंडक्टर त्यांचा जुना विद्यार्थी. सगळे उतारू खिडक्यांतून रस्त्याकडे बघत होते. मागच्या सीटवरच्या बाईने नंतर मला सांगितलं. कंडक्टर दोनदा म्हणाला, मास्तर, उशीर होतोय, तुमचा माणूस आहे कुठे?
मास्तर म्हणाले, "येतोय बाबा. मोटारीने येतोय, म्हणून वेळ लागतोय."