कपाट रद्दीत घालण्याआधी

तीर्थस्वरूप आत्यास,

वाकून नमस्कार. (खरं तर पडलेली सुई शोधायला वाकले होते, पण नमस्कार मनापासून आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? नव्या घराला जिना नाही हे ऐकून बरं वाटलं. आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही.

तुझं पत्र मिळालं. नव्या घरात पुस्तकांचं कपाट मावत नाही; महिनाअखेरीपर्यंत मी तू दिलेलं एक पुस्तक तरी वाचून संपवलं तर कपाट माझं, नाहीतर रद्दीवाल्याचं, हा तुझा निकाल वाचून मी गारच पडले. त्यात 'तुला कुठला आलाय वेळ' हे वाक्य फार लागलं. अगं, दहा हाका मारल्याशिवाय पुस्तकातून डोकं वर न काढणारी तुझी भाची मीच ना? शिलाईचं दुकान आणि घर यांच्यामध्ये वाचन राहून गेलं, पण सुटलेलं नाही.

प्रयत्न मी केले. आधी घरी बसून पाहिलं. पण हातात पुस्तक असलेली बाई म्हणजे रिकामी बाई, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. पाच मिनिटांत ह्यांनी दुसरा मोजा कुठे आहे ते विचारलं, मग तिजोरीची किल्ली, मग माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. (वाचायला आधी आजारी पडावं लागतं, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे.)

मग मी पुस्तक घेऊन दुकानातल्या ट्रायल रूममध्ये शिरले. आतून कडी, वर दिवा, बसायला स्टूल, आणि आत कोण आहे हे विचारायची कोणाची प्राज्ञा नाही. रोज वीस पानं होऊ लागली. खूण म्हणून मी हाताला लागेल ती मापाची चिठ्ठी पानात घालायची, आणि तिथेच घात झाला. आमच्या कापणाऱ्या मामांनी बाहेरून मुख्याध्यापकांच्या कोटाची चिठ्ठी मागितली. नेमकी तेव्हाच गोष्टीतली धाकटी बहीण घर सोडून निघाली होती. मी न बघता पानातली चिठ्ठी काढून दाराच्या फटीतून सरकवली. ती व्यायामशाळेतल्या शिक्षकांची होती. (चिठ्ठीवर आम्ही नाव लिहीत नाही, नुसता नंबर असतो, आणि नंबर वाचायला मामांना जो चष्मा लागतो तो त्यांच्या खिशात असतो.)

मुख्याध्यापक म्हणजे अगदी काडीपैलवान. कोट अंगात घातला आणि ते त्यात दिसेनासेच झाले. त्याच संध्याकाळी त्यांचा निरोप समारंभ! दोन तास लागतील म्हटल्यावर बिचारे ट्रायल रूममध्येच बसून राहिले. इकडे आम्ही सगळं उसवलं, दोन्ही बाजूंनी आत घेतलं, बाह्या आखूड केल्या. मी दार वाजवलं तर आतून आवाज आला, "पाच मिनिटं!" अशी पाच मिनिटं चार वेळा झाली. माझं पुस्तक आतच राहिलं होतं ना!

शेवटी बाहेर आले ते खुललेला चेहरा घेऊन. म्हणाले, "बाई, सदतीस वर्षं पोरांवर 'वाचा, वाचा' म्हणून ओरडलो, आणि मी स्वतः परिपत्रकांशिवाय काही वाचलं नाही. उद्या येऊ का?"

तेव्हापासून रोज दोन वाजता आम्ही शटर अर्धं ओढतो. ते स्वतःचं पुस्तक आणतात आणि दारातच खुर्ची टाकून बसतात. गिऱ्हाईक आलं की नुसतं चष्म्यावरून बघतात. अर्धी वस्ती त्यांच्या हाताखालून गेलेली. माणसं आपोआप ताठ उभी राहतात आणि अडीचला परत येतात. ह्यांनी एकदा फोन केला तो मुख्याध्यापकांनी उचलला, त्यानंतर मोजे घरच्या घरी सापडू लागले आहेत. मामासुद्धा चष्मा लावून काहीतरी वाचत बसतात.

आत्या, वेळ मिळत नव्हता हे खरंच होतं गं. आता मिळतोय, आणि त्या अर्ध्या तासात मला इतकं बरं वाटतं की तुला काय सांगू. तेव्हा रद्दीवाल्याला एवढ्यात बोलावू नकोस. काकांना नमस्कार सांग आणि गुडघ्यांना जप.

मापात चुकलेली, पण वाचनात सुधारलेली,
तुझी भाची

ता.क. पुस्तक संपलं की नाही, हे मी वर सफाईने टाळलंय ते तुझ्या लक्षात आलंच असेल. नाही संपलं. सतरा पानं उरलीत.

आणखी एक ता.क. ती वाचायला वेळ नाही, असं मुळीच नाही. गेले आठ दिवस मी दोन वाजता पुस्तक उघडते, मागचीच पानं पुन्हा वाचते आणि मिटून ठेवते. हे संपलं तर उद्या वाचायचं काय? मुख्याध्यापकही त्यांच्याकडचं एकुलतं एक पुस्तक दुसऱ्यांदा वाचतायत. म्हणून तुझी अट जरा फिरव. आधी कपाट पाठव. रविवारचा टेम्पो मी सांगूनच ठेवलाय. कपाट दुकानात आलं की त्याच दुपारी ती सतरा पानं संपवते.